तर्फ

गुहागरच्या कचेरीत, चार नंबरच्या टेबलावर
मी नकला देते.
पंख्यानं उतारे उडू नयेत म्हणून
त्यांवर कालवाचा एक जाड शिंपला ठेवलेला असतो.

चंद्रभागा सोनू मांडवकर, वय अडुसष्ट,
नातवानं वाचून दाखवलेला सातबारा घेऊन आली.
म्हणाली, "बाय, सगला नीट हाय.
गाव माजा, गट माजा, मालकाचा नावपन बराबर.
पन ह्यो तर्फ कोन?
आमच्या जमनीत त्याचा वाटा कंदी लागला?"

मौजे आंबशेत तर्फ हेदली.

मी हसले नाही.
सतरा वर्षं हा शब्द टंकत आले,
पण कोणी त्याची चौकशी केली नव्हती,
मीही नाही.

आधी पुस्तकातलं सांगून पाहिलं.
सुभ्याच्या पोटात महाल, महालाच्या पोटात तर्फ,
तर्फेत दहावीस मौजे, एखादा कसबा,
खाली दक्षिणेला कुठे तिलाच कर्यात म्हणत.
सुभे गेले, महाल गेले,
तर्फ राहिली गावाच्या नावामागे,
माणूस उठून गेल्यावर
पाटावर राहते तशी ऊब.

"म्हंजे मानूस न्हवं,"
ती म्हणाली, आणि पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

दारातून मुद्रांकवाले इब्राहिम मुकादम म्हणाले,
"तरफ म्हणजे बाजू, आजी.
आमच्या घरात अजून म्हणतात,
त्या तरफ बस, हिकडं ऊन येतंय."

बाजू.
मग सगळं गोत आठवत गेलं:
रस्त्याच्या दुतर्फा सुरू,
कोर्टाचा एकतर्फी निकाल,
पालखीच्या कमानीवर समस्त ग्रामस्थांतर्फे स्वागत,
आणि माझ्या सासूबाई, ज्या मरेपर्यंत म्हणत होत्या
तू तुझ्या भावाचीच तर्फदारी करणार.

आंबशेत दोन आहेत.
खाडीच्या अलीकडचं हेदली तर्फेत, पलीकडचं नवसे तर्फेत.
वादळाच्या वर्षी संगणकाच्या अर्जात
तर्फेसाठी रकानाच नव्हता.
चंद्रभागेच्या अकरा पोफळी आडव्या झाल्या,
भरपाई पलीकडच्या आंबशेतात
कोणा चंद्रकांत सोनू मांडवकराच्या खात्यात पडली.
त्याच्याकडे पोफळ एकही नव्हती.

"मग काय केलंत?"

"तरीत बसून गेलू. घर इचारत इचारत.
मानूस वायट न्हाय तो.
निम्मे दिलान, निम्मे म्हनला, खर्चले.
आनी येताना सोडे बांधून दिलान."

मुकादम हसले. मीही हसले या वेळी.
नंतर अर्ज लिहायला घेतला:
गावाचे नाव लिहिताना तर्फेचा उल्लेख गाळू नये.
खाली अर्जदार, तिचा अंगठा,
आणि अर्जदारातर्फे, असं लिहून
मी थबकले.
सरकारी पेन होतं.
इथे सही करायची म्हणजे
टेबलाच्या त्या बाजूला जाऊन बसायचं.
मुकादमांनी स्वतःचं पेन पुढे केलं.

जाता जाता तिनं विचारलं,
"आनी मधली खाडी? ती कंच्या तर्फेत धरलाव?"

नकाशा उलगडला. घडीवर फाटलेला, चिकटपट्टीचा.
हेदलीची रेघ चिखलापाशी थांबते,
नवश्याची त्या चिखलापाशी.
मध्ये काही लिहिलेलं नव्हतं,
फक्त एक बाण, ओहोटीकडे तोंड केलेला.

"तरीवाल्याच्या," मी म्हटलं.

तिला ते पटलेलं दिसलं.
चार दहाची गाडी लागली होती.
पाटीवर खडूनं लिहिलं होतं
नुसतंच आंबशेत.
ती कंडक्टरला काहीतरी विचारत होती,
आणि तो हातानं दाखवत होता, त्या बाजूला.